पायरी कुणी बांधली? व्हीलचेअरवरून जुनं शहर बघताना

मी राजापेठहून बोलतेय, आपल्या अमरावतीहून. हा एपिसोड ज्यांना ऐकायला जमला नाही, बसमध्ये इअरफोन विसरले, ऑफिसात बॉस मागे बसलाय, त्यांच्यासाठी हा लिहिलेला मजकूर. बोलताना जसं बोलले तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त "म्हणजे, म्हणजे" काढून टाकलंय.

आजचा विषय आहे जुनी शहरं आणि व्हीलचेअर. आपल्या महाराष्ट्रात फिरायला जायचं म्हटलं की किल्ला, लेणी, वाडा, देऊळ, परकोट. सगळं दगडाचं आणि सगळीकडे पायऱ्या. मग माझ्यासारखीने काय करायचं? मी व्हीलचेअर वापरते. का वापरते, कधीपासून वापरते, हे आज सांगणार नाही. ते सगळे पहिल्यांदा विचारतात आणि मग संपूर्ण गप्पा तिथेच संपतात. बीटेक केलंय, पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते, आणि फिरायची भयंकर हौस आहे. एवढी ओळख पुरे.

लोक मला दोन प्रकारची वाक्यं ऐकवतात. पहिलं, "कायले जातं वं माय तिथं? फोटो पाय नं नेटवर." दुसरं, "काही टेन्शन नको, चार जण उचलून नेऊ." दोन्ही बोलणारी माणसं मनाने चांगली असतात. पण पहिल्यात मी घरीच राहते आणि दुसऱ्यात मी सामान होते. या दोन्हींच्या मधला रस्ता कुठला, हे मी गेल्या दोन-तीन वर्षांत फिरून फिरून शोधतेय. त्यातून एक साधा प्रश्न हाती लागला. कुठलीही पायरी समोर आली की मी विचारते, ही पायरी कधीची आहे? कुणी बांधली? आजचा अख्खा एपिसोड या एका प्रश्नावर आहे.

परकोटाच्या आत

सुरुवात घरापासून करू. आपल्यापैकी किती जण अमरावतीला ऐतिहासिक शहर म्हणतात? फार कमी. आपण इथे राहतो, त्यामुळे आपल्याला ते फक्त ट्रॅफिक वाटतं. पण राजापेठेतून निघालं, राजकमल चौक ओलांडला आणि जवाहर गेटकडे वळलं, की आपण एका तटबंदीच्या शहराच्या दारात उभे असतो.

हा परकोट निजामाच्या राजवटीत बांधायला घेतला, १८०७ साली. कारण होतं पेंढारी. कापसाच्या आणि सावकारीच्या पैशाने गब्बर झालेलं हे शहर, आणि बाहेर लुटारूंच्या टोळ्या. जुन्या गॅझेटिअरमध्ये मापं दिलीत: भिंतीची उंची २० ते २६ फूट, घेर सव्वादोन मैल, म्हणजे साधारण साडेतीन किलोमीटर. पाच दरवाजे आणि चार खिडक्या. आता परकोटातली खिडकी म्हणजे आपल्या घरातली खिडकी नाही बरं का. मोठा दरवाजा न उघडता पायी माणसाला ये-जा करता यावी म्हणून भिंतीत ठेवलेलं छोटं दार. त्यातल्या एका खिडकीचं नाव खुनारी. १८१८ साली तिच्याजवळ झालेल्या मारामारीत ७०० माणसं मेली, म्हणून ते नाव पडलं असं गॅझेटिअर सांगतं. आपण तिथून भाजी घेऊन येतो आणि नावाचा विचारही करत नाही.

एका रविवारी सकाळी सातला मी आणि बाबा निघालो. सकाळी सातच का? कारण दहानंतर त्या गल्ल्यांमध्ये स्कूटर लागतात आणि मग खुर्चीला जागाच उरत नाही. माझ्या खुर्चीची रुंदी २५ इंच. हा आकडा मला माझ्या वाढदिवसासारखा पाठ आहे.

आणि तिथे मला एक गोष्ट दिसली, जी तोवर कधी डोक्यातच आली नव्हती. मी जवाहर गेटच्या कमानीखालून सरळ गेले. उचलावं लागलं नाही, ढकलावं लागलं नाही. कारण उघड आहे ना? दरवाजा बांधला तेव्हा त्यातून काय जाणार होतं? बैलगाड्या, बग्ग्या, कापसाचे गठ्ठे. चाकं! ज्याने तो दरवाजा बांधला, त्याने चाकाचा विचार पहिल्यांदा केला होता. मधे पायरी ठेवली असती तर शहराचा धंदाच बंद पडला असता.

म्हणजे बघा, "जुनं शहर आहे, तिथे व्हीलचेअर कशी जाणार" हे वाक्य निदान दरवाज्यापाशी तरी खोटं आहे. अडचण दरवाज्याच्या आत सुरू झाली. आणि ती दोनशे वर्षांपूर्वीची नव्हती.

अडचण काय होती ते सांगते. नालीवर टाकलेली फरशी, जी एका बाजूने दोन इंच वर उचललेली. माझ्या खुर्चीची पुढची चाकं छोटी असतात, दोन इंचाची कड त्यांना अडवायला पुरते, आणि वेगात असले तर मी तोंडावर पडते. मग रस्ता. त्यावर दर काही वर्षांनी नवा थर चढतो, कडेला नाली तशीच, म्हणून दोन्हीकडे उतार. खुर्ची आपोआप नालीकडे ओढली जाते, एका हाताने सतत ब्रेक लावायचा. मग दुकानांचे ओटे. सराफ्यातल्या एका दुकानापुढे नवीकोरी ग्रॅनाइटची तीन पायऱ्यांची चळत, चकचकीत. ती निजामाने बांधली नाही मंडळी. ती मागच्या दिवाळीला बांधली.

दुकानदार काका चांगले होते. म्हणाले, "तुम्ही बसा नं ताई भायेरच, मी आनून दाखवतो." त्यांनी कानातल्यांचे दोन ट्रे रस्त्यावर आणले. मी रस्त्याच्या कडेला बसून, मागून स्कूटरचे हॉर्न ऐकत, कानातले बघितले. बाबा आरसा धरून उभे. घेतलेही. पण एक विचारू? तुम्हाला कुणी रस्त्यावर दागिने दाखवले तर चालेल?

आता मजा ऐका. त्याच गल्लीत पुढे एक जुनं घर. घराला तीन पायऱ्या आणि पायऱ्यांच्या मधोमध सिमेंटचा हातभर रुंद उतार. तुम्ही पण बघितला असेल, वऱ्हाडात घराघरांत असतो. कशासाठी? स्कूटर रात्री आत घ्यायला! म्हणजे उतार कसा करायचा हे आपल्या गवंड्याला माहीत आहे. सिमेंट परवडतं. जागा निघते. गाडी आत गेली पाहिजे हे घरातल्या सगळ्यांना पटलेलं असतं. बाबा तिथे थांबून बराच वेळ त्या उताराकडे बघत राहिले, मग म्हणाले, "स्कूटरसाठी सुचलं पाय, माणसासाठी नाई सुचलं."

उताराचं गणित

इथे थोडं इंजिनिअरिंग. घाबरू नका, पाचवीचं गणित आहे.

व्हीलचेअरच्या उताराचं सर्वसाधारण प्रमाण आहे १ ला १२. म्हणजे एक इंच चढायचं असेल तर बारा इंच लांबीचा उतार. सहा इंचाची एक पायरी असेल तर सहा फूट. तीन पायऱ्या, म्हणजे १८ इंच असेल तर १८ फूट. म्हणूनच हॉटेलवाले तीन पायऱ्यांवर चार फुटांचा उतार टाकतात आणि "रॅम्प आहे मॅडम" म्हणतात, तेव्हा तो रॅम्प नसतो, घसरगुंडी असते. त्यावर मागून ढकलणारा माणूस घसरला, तर तो आणि मी दोघंही खाली.

पण याच गणिताची चांगली बाजू पण आहे. चार इंचाचा उंबरठा असेल तर चार फुटांची एक फळी पुरते. फळी! बांधकाम नाही, परवानगी नाही, वारशाला धक्का नाही. ग्राहक आला की टाकायची, गेला की उभी करून ठेवायची. दाराची रुंदी तीन फुटांच्या आसपास असली आणि आत खुर्ची वळवायला पाच बाय पाच फूट मोकळी जागा असली, की काम झालं. आपल्या जुन्या वाड्यांच्या दिंडी दरवाज्यांचं माप घेतलं तर त्यातले कितीतरी या हिशोबात बसतात. अडतो तो उंबरठा.

दार आणि आपलं गाव

अंबागेटच्या बाहेर आलं की अंबादेवी आणि एकवीरा. कृष्णाने रुक्मिणीला इथूनच नेलं अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पण या देवळाशी जोडलेली दुसरी एक गोष्ट आहे, ती शंभर वर्षांपूर्वीची आणि नोंदलेली आहे.

१९२७ साली, ज्यांना अस्पृश्य म्हटलं जात होतं त्या लोकांना अंबादेवीच्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून अमरावतीत लढा उभा राहिला. डॉ. पंजाबराव देशमुख त्यात पुढे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली इथे परिषद भरली. आपल्या गावात.

मी दोन गोष्टी एक करत नाहीये, हे नीट ऐका. तिथे माणसाला माणूस म्हणून नाकारलं होतं, ठरवून. मला कुणी ठरवून नाकारत नाही, माझा फक्त विचारच झालेला नसतो. वेदना वेगळी आहे, इतिहास वेगळा आहे. पण दारातून कोण आत जाणार, हा प्रश्न सार्वजनिक आहे, तो कुणाच्या मेहेरबानीचा नाही, एवढं तरी या शहराला शिकवायची गरज पडू नये. इथे तो प्रश्न आधीच एकदा विचारून झालाय.

आणि जुनी गर्दीची देवस्थानं सोय करू शकत नाहीत असं कुणी म्हटलं, तर मी त्यांना शेगावला पाठवते. आपल्या जवळच आहे. गजानन महाराज संस्थानात व्हीलचेअर मिळते, सेवेकरी "माऊली" म्हणून बोलतात आणि वाट करून देतात. तिथे मला कुणी "अरेरे" म्हणत नाही. कामाची पद्धत लागलेली असली की दया दाखवायला कुणाला वेळच नसतो.

छत्रपती संभाजीनगर: तोच प्रश्न, दुसरं गाव

घरच्या परकोटात सापडलेला प्रश्न दुसरीकडे चालतो का, हे बघायचं होतं. म्हणून मागच्या हिवाळ्यात आम्ही छत्रपती संभाजीनगरला गेलो. मी, बाबा आणि माझी कॉलेजची मैत्रीण. अकोला, खामगाव, चिखली, जालना असा रस्ता.

रस्त्याबद्दल एकच गोष्ट बोलते, पण ती महत्त्वाची आहे. टॉयलेट. व्हीलचेअरवर फिरणाऱ्या माणसाला विचारा, प्रवासात सगळ्यात मोठी भीती कसली? किल्ल्याची नाही, चढाची नाही. पाणी प्यायची. कारण वाटेत ज्याच्या दारातून खुर्ची आत जाईल असं टॉयलेट मिळेल की नाही माहीत नसतं. म्हणून आम्ही पाणी पीत नाही. आठ-आठ तास. मग युरिन इन्फेक्शन, मग ताप, मग घरचे म्हणतात "कशाला गेली होती?" फिरण्यामुळे आजारी पडलो असं वाटतं, पण आजारी पडतो आपण दोन फुटांच्या दारामुळे.

हॉटेलचं पण सांगते. फोन करून विचारलं होतं, लिफ्ट आहे का? "हो मॅडम, आहे ना." पोचलो तर लिफ्ट खरंच होती. लिफ्टच्या आधी चार पायऱ्या. तेव्हापासून मी हॉटेलला "व्हीलचेअर चालते का" असं विचारतच नाही. विचारते, रस्त्यापासून खोलीच्या बाथरूमपर्यंत एकूण पायऱ्या किती, आणि बाथरूमच्या दाराचा व्हॉट्सॲपवर फोटो पाठवा, दारात टेप धरून. अर्धे लोक फोन ठेवतात. जे फोटो पाठवतात, तिथे मी जाते. हो-नाही विचारलं की लोक आशेने उत्तर देतात. आकडा विचारला की मोजून देतात.

आता शहर. मलिक अंबरने १६१० मध्ये इथे खडकी हे गाव वसवलं, आणि १६१२ मध्ये भडकल दरवाजा बांधला. मग औरंगजेबाच्या काळात तटबंदी आली. बावन्न दरवाज्यांचं शहर म्हणतात त्याला. दिल्ली दरवाजा, पैठण गेट, मकई गेट, रोशन गेट. परत तेच बघा: दरवाजे रुंद, उंच, कारण त्यातून हत्ती आणि गाडे जायचे. भडकल दरवाज्याखाली मी मान वर करून बसले होते. खुर्चीवरून बघताना कमान अजून उंच दिसते, हा आमचा एक फायदा. आणि दरवाज्यापर्यंत पोचायला मात्र आजच्या रस्त्याचा आजचा दुभाजक आणि आजच्या दुचाकींची रांग.

बीबी का मकबरा. औरंगजेबाची बायको दिलरस बानू बेगम, तिच्या आठवणीत बांधलेला, १६६० च्या सुमारासचा. आत शिरल्यावर समोर लांब सरळ वाट, मधे कारंज्यांचा पाट, दोन्हीकडे बाग. ही वाट माझी. सगळ्यांपेक्षा सावकाश, मधे मधे थांबत, पाण्याच्या पाटाच्या कडेने मी गेले. मग येतो मुख्य चौथरा. मकबरा उंच चौथऱ्यावर आहे आणि वर जायला पायऱ्या. वर गेल्यावर खालच्या पातळीवरची कबर जाळीवरून डोकावून बघतात.

ही पायरी कधीची? साडेतीनशे वर्षांपूर्वीची. चौथरा उंच असणं हा त्या इमारतीचा विचार आहे. तो फोडून तिथे सिमेंटचा उतार करा असं मी म्हणणार नाही, कधीच नाही. मला ती इमारत आवडते म्हणून तर मी इतक्या लांब आले. ही पायरी मी मान्य केली. खाली थांबले.

आणि नेमकं तिथे ते झालं, जे प्रत्येक ठिकाणी होतं. दोन-तीन मुलं, फिरायला आलेली, कॉलेजची असतील, जवळ आली. "दीदी, चला ना, आम्ही उचलतो." आणि उत्तर द्यायच्या आत एकाचा हात खुर्चीच्या हँडलवर, दुसऱ्याचा माझ्या दंडाखाली.

मी जोरात म्हटलं, "हात काढ."

तो दचकला. त्याचा चेहरा पडला. बाबांनाही वाईट वाटलं, म्हणाले, "अवं, मदत करून रायले होते बिचारे." मैत्रीण मात्र काही बोलली नाही, ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

आता यावर जरा थांबूया. मला माहीत आहे, त्या मुलाच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मी मुलगी आहे. अनोळखी माणसाने न विचारता दंडाखाली हात घालणं हे कुठल्याही मुलीला जसं वाटेल तसंच मला वाटतं. खुर्चीवर बसले म्हणून माझं अंग सार्वजनिक होत नाही. खुर्ची सुद्धा माझ्या अंगाचाच भाग आहे. तिच्या हँडलला हात लावणं म्हणजे माझ्या खांद्याला हात लावणं.

आणि दुसरं. मला आयुष्यभर बाबांनी उचललंय. शाळेच्या पायऱ्या, कॉलेजच्या परीक्षेचा दुसरा मजला, नातेवाइकांची लग्नं. आज ते ६२ वर्षांचे आहेत. त्यांची कंबर दुखते, ते मला सांगत नाहीत, पण रात्री बाम लावतात तो वास येतो. जे शहर, जी शाळा, जे ऑफिस "उचलून नेऊ" यावर चालतं, ते खरं तर कुणाच्या तरी बापाच्या कंबरेवर चालत असतं. ती कंबर कायमची नाही. चार माणसं उचलतील ही सोय नसते मंडळी, ती उधारी असते.

त्या मुलाशी मग मी बोलले. तोच परत आला, म्हणाला, "सॉरी दीदी, मग काय करू?" चांगला प्रश्न. मी त्याला माझा फोन दिला. म्हटलं, वर जा, व्हिडिओ कॉल चालू ठेव, आणि मी सांगते तसा कॅमेरा फिरव. वीस मिनिटं तो पोरगा माझे डोळे होऊन वर फिरला. जाळी, संगमरवराची नक्षी, खालची कबर. आवाज कट कट येत होता. तिथे स्वतः असण्याची सर त्याला नाही. पण माझ्या हुकमाने झालेलं होतं.

दुसऱ्या दिवशी वेरूळ. १६ वं लेणं, कैलास. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, आठवं शतक, आणि डोंगर वरून खाली खोदत आणलेला. खालच्या प्रांगणापर्यंत खुर्ची पोचली, दारापाशी मदत घेतली, पण मी मागितलेली, मी सांगितलेल्या पद्धतीने. वरच्या मंडपात जाता आलं नाही. पण कैलासाचं वैभव प्रांगणातून किती दिसतं माहितीये? दगडाचे ते दोन मोठे हत्ती, उंच स्तंभ. एका बाजूच्या भिंतीवर रामायण, दुसऱ्या बाजूला महाभारत, पट्ट्या पट्ट्यांत कोरलेलं, कॉमिकसारखं. आणि कैलास हलवणारा रावण. उभी माणसं दोन मिनिटांत फोटो काढून पायऱ्यांकडे पळत होती. मी त्या रावणासमोर पाऊण तास बसले. वर गणगोत घाबरलंय, पार्वती शंकराला बिलगलीय, आणि शंकर निवांत.

मी वर गेले नाही म्हणून मी कैलास बघितलं नाही, असं मला कुणी सांगू नये.

कायदा काय म्हणतो

थोडक्यात सांगते, कारण हे माहीत असायला हवं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६. त्याच्या कलम ४५ मध्ये आहे की आधीपासून असलेल्या सगळ्या सार्वजनिक इमारती, नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या. नियम आले जून २०१७ मध्ये. पाच वर्षं कधी संपली? जून २०२२. तुम्ही ज्या सरकारी कार्यालयात दाखला काढायला जाता, तिथला दरवाजा आठवा आणि स्वतःच ठरवा.

मग ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात निकाल दिला. रतुरी यांनी ही याचिका २००५ साली केली होती, ते स्वतः दृष्टिहीन आहेत. न्यायालय म्हणालं की कायदा सक्तीची भाषा बोलतो आणि नियम मात्र सूचनेसारखे लिहिलेत, हे चालणार नाही. बंधनकारक किमान मापं ठरवा, तीन महिन्यांत. म्हणजे सोय करणं ही "जमलं तर करू" अशी गोष्ट नाही हे देशाच्या सगळ्यात वरच्या कोर्टाने सांगून झालंय.

मी रोज कोड लिहिते, त्यामुळे मला हे असं दिसतं: "शिफारस" म्हणून लिहिलेली गोष्ट कुणी करत नाही. तपासणीत नापास होईल म्हटलं की सगळे करतात.

तुमच्या हातातला फोन

आता तुमचं काम. हो, काम देणार आहे, फुकट ऐकायला आलात का?

पहिलं. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा नकाशा आहे, विकिपीडियासारखा, कुणीही भरू शकतो. त्यात प्रत्येक जागेला व्हीलचेअरची नोंद करता येते: हो, थोडंफार, नाही. बर्लिनमध्ये २०१० साली सुरू झालेला व्हीलमॅप याच माहितीवर चालतो. पायरी नाही तर हिरवं. एकच पायरी, तीही हाताच्या पंजाच्या रुंदीएवढी, साधारण ७ सेंटिमीटर, तर पिवळं. बाकी लाल. अँड्रॉइडवर स्ट्रीटकम्प्लीट नावाचं ॲप आहे, ते रस्त्यात उभं राहून तुम्हाला प्रश्न विचारतं आणि तुमचं उत्तर नकाशात जातं. चहा येईपर्यंत तीन दुकानं भरून होतात. लाल भरायला लाजू नका. मला लालही तेवढंच उपयोगाचं आहे, माझा हेलपाटा वाचतो.

दुसरं. कुठे फिरायला गेलात की सेल्फीसोबत एक फोटो दाराचा काढा. उंबरठ्याजवळ तुमची चप्पल किंवा पाण्याची बाटली ठेवा, म्हणजे उंची कळते. टॉयलेटच्या दाराचा पण काढा. गूगल मॅप्सवर टाका. तुमच्या त्या एका फोटोवर कुणीतरी अख्खी ट्रिप ठरवेल.

तिसरं. मदत करायची पद्धत. आधी विचारा, "मदत हवी का?" उत्तर "नको" आलं तर नको. "हो" आलं तर पुढचा प्रश्न, "कशी करू?" खुर्ची धरायची तर पक्क्या सांगाड्याला धरा, हाताच्या टेकूला नाही, तो बऱ्याच खुर्च्यांत निघून येतो. जास्त उतार असेल तर खुर्ची उलटी, पाठ उताराकडे करून, हळूहळू उतरवा. आणि बोलायचं तर माझ्याशी बोला. "यांना काय हवंय?" असं बाबांना विचारू नका, मी इथेच बसलेय.

चौथं, आणि हे घरात. तुमच्याकडे बांधकाम निघालं असेल, ओटा होत असेल, दुकानाचं काम चालू असेल, तर गवंड्याला स्कूटरच्या उताराऐवजी तीन फूट रुंद उतार सांगा. स्कूटर पण जाईल. आजी पण जाईल. बाळाची गाडी जाईल, सिलिंडर जाईल, आणि कधीतरी मी आले तर मी पण येईन.

मकबऱ्याची पायरी राहू द्या. खुनारी खिडकी, गॅझेटिअरमधली ती मापं, ते सगळं जसंच्या तसं राहू द्या, मला ते तुमच्याइतकंच प्रिय आहे. पण जी पायरी मागच्या दिवाळीला बांधली, तिला इतिहास म्हणू नका.

पुढच्या एपिसोडमध्ये अचलपूर करायचं मनात आहे. कुणी तिकडचे असाल तर वेशींपासचे रस्ते कसे आहेत, आणि बसस्टँडजवळ खुर्ची आत जाईल असं टॉयलेट कुठे आहे, तेवढं फोटोसकट पाठवा. टेप धरून हं!

येते मग. राम राम.